क्रोशाच्या वस्तू ऑनलाइन विकायच्या आहेत: किंमत, फोटो, कुरिअर यांचं गणित कसं बसवायचं?

मुका_खांब:

क्रोशाची खेळणी (अमिगुरुमी) आणि सुती पिशव्या विणते. विक्री आतापर्यंत ओळखीपाळखीतच झाली आहे. आता ऑनलाइन दुकान उघडायचं आहे आणि सुरुवातीला दोनच वस्तू ठेवायच्या असं ठरवलंय.

ससा: उंची १८ सेंमी, आठ प्लाय जाडीचा सुती दोरा ७० ग्रॅम, आत पॉलिस्टर फायबर ४० ग्रॅम, सुई २.५ मिमी, डोळे ९ मिमीचे प्लास्टिकचे. साडेपाच तास लागतात.

पिशवी: ३० × ३२ सेंमी, दोरा २२० ग्रॅम, खांब आणि साखळी या टाक्यांची जाळी, अस्तर नाही. नऊ तास.

आता अडलंय ते असं. "मालाच्या तिप्पट किंमत लावा" हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण तशी लावली तर मजुरी जवळजवळ सुटतच नाही. फोटोत लाल आणि जांभळा रंग भलताच दिसतो. ससा वजनाला पाव किलोसुद्धा नाही, तरी कुरिअरचा दर तीन किलोचा लागतो. आणि एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारात दुकान काढावं की थेट स्वतःची वेबसाइट करावी? जाणकारांनी आकड्यांसकट सांगितलं तर फार उपयोग होईल.

---

हिशेबवही:

मालाच्या तिप्पट हा हिशेब मशिनवर झटपट शिवून होणाऱ्या वस्तूंना कसाबसा लागू पडतो. क्रोशाला तो लावूच नका. दोन सुयांचं विणकाम यंत्रावर होतं, क्रोशा अजून हातानंच होतो, त्यामुळे खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा वेळेचा असतो आणि तोच त्या हिशेबात नाही.

आधी वेळ नीट मोजा. एकच ससा लागोपाठ तीन वेळा, घड्याळ लावून विणा. पहिला सोडून द्या, दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी घ्या. तुमच्या साडेपाच तासांत हातपाय शिवणं, फायबर भरणं आणि दोऱ्याची टोकं आत लपवणं धरलंय ना? बरेच जण फक्त विणण्याचा वेळ सांगतात आणि जोडणीचा तास विसरतात. त्यात फोटो, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि पॅकिंग यांची पाऊण तास भर घाला. म्हणजे सव्वासहा तास.

दोरा १ ग्रॅम अचूकतेच्या वजनकाट्यावर मोजा. विणण्याआधी गुंडा तोला, झाल्यावर उरलेला तोला, वजाबाकी करा आणि त्यावर ८ टक्के नासाडी धरा.

आता चलन बाजूला ठेवून भागांत मांडते. तुमची तासाची मजुरी १० भाग धरू.

मजुरी, सव्वासहा तास: ६२.५
दोरा, फायबर, डोळे, लेबल: १४
खोकं, टेप, कागद: ५
वरखर्च (सुया, वीज, फसलेले नमुने, परत आलेला माल), वरच्या बेरजेच्या १० टक्के: ८
एकूण: ८९.५, म्हणजे ९० धरा.

बाजाराचं कमिशन, पैसे स्वीकारण्याचं शुल्क वगैरे मिळून समजा १५ टक्के जातात. इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात: ९० वर १५ टक्के चढवून १०३.५ किंमत लावतात. पण कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं, खर्चावर नाही. १०३.५ चे १५ टक्के १५.५ होतात, हातात ८८ उरतात. बरोबर रीत भागाकाराची आहे: ९० ÷ ०.८५ = १०६.

याच आकड्यांवर तुमची तिप्पट तपासा. १४ × ३ = ४२. कमिशन जाऊन साधारण ३५.७. माल, खोकं आणि वरखर्च मिळून २७ वजा केले की ८.७ उरतात. भागिले सव्वासहा तास. दहाच्या जागी तासाला दीड भागही पदरात पडत नाही.

सवलतीचंही असंच. १०६ वर २० टक्के सूट दिली तर ८५ येतात, कमिशन जाऊन ७२, आणि मजुरी तासाला १० वरून ७ वर येते. म्हणजे जवळजवळ पूर्ण सूट तुमच्या मजुरीतून जाते, दोऱ्याच्या किमतीत काही फरक पडत नाही. सूट द्यायचीच असेल तर दोन वस्तू एकत्र घेणाऱ्याला द्या, कारण तिथे एक खोकं आणि एक पॅकिंग खरोखर वाचतं.

१०६ ला ससा विकला जात नसेल तर मजुरी कापू नका, नमुना बदला. कान आणि हात वेगळे विणून शिवण्याऐवजी डोक्याच्या किंवा धडाच्या फेरीतच जोडून घेतले की शिवणकाम जवळजवळ संपतं. पिशवीला तर हे आणखी लागू आहे. आठ प्लायऐवजी ५ मिमीची सुती दोरी आणि ८ मिमीची सुई घेतली तर त्याच मापाची पिशवी निम्म्याहून कमी वेळात होते. दोरा वजनाने जास्त लागतो, पण खर्चात जड असतो तो वेळ.

बाजार की वेबसाइट, याचं थोडक्यात: आधी बाजार. एट्सीवर वस्तूची एक नोंद (लिस्टिंग) चार महिने चालते. वस्तूची किंमत आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेला पाठवणीचा खर्च, या दोन्हींच्या बेरजेवर ६.५ टक्के कापतात. पैसे स्वीकारण्याचं शुल्क वेगळं. बाहेरच्या जाहिरातीतून गिऱ्हाईक आलं तर लहान दुकानाकडून आणखी १५ टक्के जातात. वर्षाची विक्री १०,००० डॉलरच्या आत असेल तर ही जाहिरात सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. दुकान उघडल्याबरोबर ते पाहा, नाहीतर १५ टक्क्यांवर बसवलेली किंमत एका विक्रीत कोसळते. स्वतःच्या साइटवर कमिशन नाही, पण तिथपर्यंत माणसं आणायचं काम पूर्ण तुमचं. परत येणारी गिऱ्हाइकं झाली की साइट काढा.

प्रत्येक नोंदीला १३ टॅग (शोधशब्द) मिळतात, प्रत्येकी २० अक्षरांपर्यंत. तेरा भरा. "हँडमेड", "सुंदर" यात वाया घालवू नका. शोधणारा माणूस वस्तू, रंग, माप आणि कुणाला भेट द्यायची ते टाइप करतो.

---

उजेड_सावली:

रंगाबद्दल. लाल बिघडण्यामागे बहुधा दोन कारणं एकत्र असतात. एक म्हणजे खिडकीचा उजेड आणि घरातला दिवा दोन्ही चालू असतात, आणि फोनला दोन रंगांचे उजेड एकदम सांभाळता येत नाहीत. दिवसा फोटो काढा आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा. दुसरं, चौकट लालने भरली की फोन समजतो उजेडच तांबूस आहे, म्हणून तो सगळ्या फोटोला थंड करतो. त्यावर उपाय असा: सशाशेजारी पांढरा किंवा राखाडी कोरा कागद ठेवून पहिला फोटो काढा. एडिट करताना व्हाइट बॅलन्सचा (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवण्याचा) ड्रॉपर त्या कागदावर टेकवा आणि तीच सेटिंग बाकीच्या फोटोंवर उतरवा.

लालचे टाके दिसेनासे होऊन नुसता लाल गोळा दिसतो का? मग उजेड जास्त पडतोय. एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) ०.३ ते ०.७ खाली आणा. पांढऱ्या पार्श्वभूमीला मात्र उलट, एक्सपोजर वर न्यावं लागतं, नाहीतर ती करडी येते. म्हणून लाल वस्तूमागे पांढरा कागद नको. फिकट राखाडी किंवा मातकट कापड ठेवा, ओढाताण संपते.

जांभळा बहुतेक कॅमेऱ्यांत निळसर येतो. तो व्हाइट बॅलन्सने सुटत नाही, सोडवायला गेलात तर बाकीचे रंग बिघडतात. एडिटिंगमध्ये रंगवार बदल करण्याची सोय असते. तिथे फक्त जांभळा निवडून त्याचा ह्यू (छटा) लालीकडे थोडा सरकवा आणि खरा ससा खिडकीत स्क्रीनशेजारी धरून जुळवा. दोन वेगवेगळ्या फोनवर पाहा. वर्णनात रंग शब्दांतही लिहा: विटकरी लाल, गुलबक्षी, गर्द जांभळा. "रंग वेगळा आला" म्हणून परत येणारा माल या एका ओळीने बराच कमी होतो.

मांडणी अशी: खिडकी एका बाजूला, ऊन थेट नको, येत असेल तर पातळ पांढरा पडदा. समोरच्या बाजूला ३०-४० सेंमीवर पांढरा थर्माकोल, म्हणजे सावलीतली बाजू काळी पडत नाही. फोन जवळ नेऊ नका. जवळून काढलं की सशाचं डोकं फुगतं आणि पाय बारीक दिसतात. मीटरभर लांब राहून दुपटीचा झूम वापरा. फोटोची आखूड बाजू निदान २००० पिक्सेल असू द्या. पहिल्या फोटोत चारही बाजूंना दहावा हिस्सा जागा मोकळी सोडा, कारण लहान चित्र करताना कडा कापल्या जातात आणि नेमके कान जातात.

माप कळेल असा एक फोटो हवाच, सशाचा हातात धरलेला. १८ सेंमी असं लिहूनही लोक मनात वेगळाच आकार धरतात. पिशवीचे दोन: खांद्याला लावलेली, आणि आत वही-बाटली ठेवून भरलेली. रिकामी जाळीची पिशवी आणि भरलेली यांच्या लांबीत बराच फरक पडतो, तो आधीच दिसला पाहिजे.

---

खोकं_टेप:

कुरिअरवाला फसवत नाहीये, तो तुमच्या खोक्यातल्या हवेचे पैसे घेतोय. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, की घनफळी वजन किलोत येतं. काही कंपन्या ४००० किंवा ६००० ने भागतात, ते विचारून घ्या. खरं वजन आणि घनफळी वजन यांत जे जास्त त्याचा दर लागतो.

तीन किलोचा दर लागतोय म्हणजे खोकं ३० × २५ × २० च्या आसपास असणार. १५,००० ÷ ५००० = ३ किलो. तोच ससा बसवून, कान पाठीमागे दुमडून, २२ × १६ × १२ मध्ये जातो: ४२२४ ÷ ५००० = ०.८४ किलो. कान दुमडताना मध्ये टिश्यू पेपरची गुंडाळी ठेवा म्हणजे घडीची रेघ उठत नाही. यापेक्षा लहान करायच्या नादात ससा दाबून भरू नका. फायबरच्या गाठी होतात आणि मानेशी खळगा पडतो, तो दोन आठवड्यांच्या प्रवासानंतर भरून येत नाही.

पिशवी खोक्यात कशाला? घडी घालून जाड कुरिअर पाकिटात पाठवा. घडी ३० × १६ × ४ झाली तर ०.३८ किलो.

दोन्ही वस्तूंना आधी पारदर्शक प्लास्टिक पिशवी, तोंड चिकटवून. सुती दोरा ओल धरतो आणि वास येतो. पत्त्याची एक प्रत आतही ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर पार्सल उघडून पत्ता पाहतात, आत काही नसेल तर ते कुठल्या तरी गोदामात पडून राहतं. खोकं बंद करण्याआधी आतल्या मालाचा, आणि बंद केल्यावर लेबलासकट वजनकाट्यावर ठेवून असे दोन फोटो काढा. भरपाई मागताना आणि "वजन जास्त होतं" म्हणून मागाहून जास्त पैसे लावले तर तेच कामाला येतात.

वस्तू नोंदवताना प्रत्येकीचं पॅक केलेलं माप आणि वजन भरा, नुसत्या वस्तूचं नव्हे.

---

साखळीटाके:

वरची सगळी गणितं बरोबर आहेत, पण मला काळजी सशाच्या डोळ्यांची वाटते. प्लास्टिकच्या डोळ्यांना "सेफ्टी आय" म्हणतात, म्हणून ते लहान मुलांना सुरक्षित आहेत असा समज होतो. डोळ्याला आतून लावायची चकती, म्हणजे वॉशर, कितीही घट्ट बसला तरी तो बसतो विणलेल्या कापडावर. बाळाने चावून ओढलं की टाका सैल होतो आणि डोळा वॉशरसकट बाहेर येतो. लहान भागाची तपासणी ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत करतात. त्यात मावणारी सुटी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची मानतात. ९ मिमीचा डोळा त्यात सहज जातो. खेळणं म्हणून विकायचं असेल तर डोळे दोऱ्याने भरा. भरतकाम फायबर भरण्याआधी करा, आतून गाठ नीट बांधता येते. दोन्ही डोळ्यांच्या मधले टाके मोजून लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक सशाचा चेहरा वेगळा होतो. मणी आणि बटणंही नकोत.

आणि "शोभेची वस्तू" असं लिहून सुटका होत नाही. सशाचं बाहुलं मूल हातात घेणारच, आणि नियमही त्याकडे खेळणं म्हणूनच पाहतात. युरोपात पाठवायचं तर ईएन ७१, अमेरिकेत एएसटीएम एफ ९६३ ही खेळण्यांची मानकं आहेत. माल जिथे जाणार तिथले नियम आधी वाचा आणि तोवर तो देश पाठवणीच्या यादीतून काढून ठेवा.

२.५ मिमी सुई या दोऱ्याला योग्य आहे. गुंड्यावर लिहिलेल्या सुईपेक्षा एक-दोन नंबर बारीक घेतली की मुक्या खांबांमधून (सशाच्या आखूड, दाट टाक्यांमधून) पांढरं फायबर डोकावत नाही. गडद सशात मात्र तरीही दिसतं. तिथे फायबर भरताना टाके ताणले जाणार नाहीत इतपतच भरा.

पिशवीचा पट्टा विकण्याआधी टांगून बघा. दोन किलो वजन, चोवीस तास. क्रोशाचा पट्टा लांबतो, आणि गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात हेच कळवतं. पट्ट्याच्या दोन्ही कडांनी घट्ट सरकटाक्यांची एक ओळ घाला आणि आतून सुती पट्टी शिवा. जाळीला अस्तर नसेल तर "किल्ल्या, नाणी गळतील" हे वर्णनात सरळ लिहा, किंवा निदान तळ भरीव मुक्या खांबांचा करा.

लाल आणि गर्द निळा दोरा वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या कापडाने घासून पाहा. रंग लागला तर तो दोरा पांढऱ्याबरोबर एका वस्तूत नकोच.

नमुना स्वतःचा नसेल तर त्याच्या रचनाकाराने विणलेली वस्तू विकायची परवानगी दिली आहे का तेही पाहा. कार्टूनमधल्या पात्रांना हात लावू नका. तक्रार आली की नोंद काढली जाते आणि वारंवार झालं तर दुकानच बंद होतं.

---

मुका_खांब:

सगळ्यांचे मनापासून आभार. डोळे भरतकामाचेच करते. आणखी दोन गोष्टी. एका दुकानाने ४० ससे मागितले आहेत, निम्म्या किमतीत आणि महिन्याभरात. घ्यावी का ऑर्डर? आणि ऑनलाइनसाठी माल तयार करून ठेवावा की मागणी आल्यावर विणावं? आठवड्याला मला वीस तास मिळतात.

---

हिशेबवही:

वीस तासांतले सुईवरचे बाराच धरा, बाकीचे फोटो, निरोप, पॅकिंग आणि खरेदीत जातात. एकसारखे ससे ओळीने विणले तर एक पाच तासांवर येईल. ४० × ५ = २०० तास, भागिले १२, म्हणजे सतरा आठवडे. महिन्याचा शब्द देऊ नका.

किंमतही बघा. १०६ च्या निम्मे ५३. कमिशन नाही आणि सगळं एकाच मोठ्या खोक्यात जाईल, तरी माल १४, खोक्याचा वाटा दीड, वरखर्च ७ गेल्यावर ३०.५ उरतात. पाच तासांना ६ भाग मजुरी. दुकानं निम्म्या किमतीत मागतात यात त्यांचं चुकत नाही, त्यांना जागेचं भाडं काढायचं असतं. पण हा ससा घाऊक विक्रीचा नाही, इतकंच. त्यांना वेगळी वस्तू द्या: ९ सेंमीचा, हातपाय धडातच विणलेला, दीड तासात होणारा. एकावेळी किमान बारा, निम्मी रक्कम आगाऊ, माल तीन हप्त्यांत. आणि तोच लहान ससा तुमच्या ऑनलाइन दुकानात त्यांच्या विक्रीच्या भावापेक्षा स्वस्त ठेवू नका, नाहीतर ते दुसऱ्यांदा घेणार नाहीत.

"विकलं की पैसे देतो" म्हणाले तर नगांची यादी दोघांच्या सहीने करा. हरवलेल्या किंवा मळलेल्या नगाचे पैसे कोण देणार ते त्यातच लिहा.

तयार की मागणीवर: दोन्ही. बारा तासांत आठवड्याला दोन ससे होतात. तीन तयार ठेवा, नोंदीत शिल्लक दोनच दाखवा, तिसरा खराब निघालेल्याच्या बदली पाठवायला. मागणीवर विणायच्या सशाला तीन आठवडे लिहा. चार जणांनी एकदम मागितलं की नोंद तात्पुरती बंद करा. उशिरा गेलेल्या पार्सलमुळे येणारा वाईट अभिप्राय काढता येत नाही.

---

साखळीटाके:

मागणीवर विणताना दोऱ्याचा लॉट नंबर (एकदम रंगवलेल्या दोऱ्याचा क्रमांक) सांभाळा. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये छटा बदलते, फोटोतला ससा एका लॉटचा आणि पाठवलेला दुसऱ्याचा झाला की तक्रार खरी ठरते. रंग चारच ठेवा. प्रत्येक रंगात सहा सशांचा दोरा एकदम घ्या: ७० × ६ = ४२०, नासाडी धरून ४५५, म्हणजे ५० ग्रॅमचे दहा गुंडे. गुंड्यावरचा कागद फेकू नका, वहीत त्या सशाच्या पानाला चिकटवा. लॉट संपला की नवा दोरा जुन्याशेजारी दिवसाच्या उजेडात धरून बघा. फरक दिसला तर आधी फोटो बदला, मग नोंद पुन्हा चालू करा.